सेकंडहँड गाडी पाणी खातेय? गॅरेजला होकार देण्याआधी गळती स्वतः शोधा

मागच्या एप्रिलमध्ये मी ठाण्याहून एक जुनी पेट्रोल हॅचबॅक आणली. पंधराच दिवसांत कसारा घाट चढताना तापमानाचा काटा मधली खूण ओलांडून वर सरकला. इगतपुरीला थांबून बोनेट उघडलं, तर कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली तळाला गेलेली. कशीबशी गाडी नाशिकला आणली. पहिल्या गॅरेजात फिटरने बाटलीकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, "हेड पॅकिंग गेलंय. हेड उतरवावं लागणार. पस्तीस हजार धरून चला." तपासणी म्हणून जे काही झालं ते एवढंच. (हेड पॅकिंग म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील.)

मी गाडी घरी आणली आणि चार दिवस मागून घेतले. चौथ्या दिवशी गळती सापडली. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीला केसाएवढा तडा होता. इंजिन गरम झालं की तो उघडायचा आणि गार झालं की मिटायचा. रेडिएटर बदलला, नवीन कूलंट भरलं, सगळं मिळून साडेपाच हजारांत काम आटोपलं. हेडला कुणाला हात लावावा लागला नाही.

ज्यांनी नुकतीच पहिली जुनी गाडी घेतली आहे आणि बोनेटखालचं फारसं काही कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे: पाणी नक्की कुठून जातंय ते डोळ्यांनी दिसेपर्यंत कुठल्याही मोठ्या कामाला हो म्हणू नका. शोध घ्यायचा तो स्वस्त कारणापासून सुरू करून महागाकडे. त्यासाठी हत्यारं लागत नाहीत. टॉर्च, पुठ्ठा, मार्कर पेन, जुनं पांढरं फडकं आणि थोडा धीर पुरतो.

सुरुवात गार इंजिनवर

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, काहीही झालं तरी. आत पाणी शंभर अंशांच्या पुढे गेलेलं असतं आणि केवळ दाबामुळे ते उकळत नसतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो, त्याच क्षणी पाण्याची वाफ होते आणि ती हातावर, तोंडावर येते. जाड फडकं धरून हळूच उघडतो म्हणणारे लोकही भाजलेत. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी बघा. घाईच असली तर रेडिएटरला वरून जोडलेला रबरी होज पाइप हाताला पूर्ण गार आणि दाबून मऊ लागेपर्यंत थांबा.

दुसरी गोष्ट, ज्यांच्या सोसायटीत कुत्री-मांजरं फिरतात त्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतं, म्हणून जनावरं ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, भरपूर पाणी ओतून जागा धुवा. काढलेलं जुनं कूलंट उघड्या डब्यात ठेवू नका.

आधी पातळी, आणि तीही दोन ठिकाणी

सकाळी गाडी सपाट जागी असताना बाटलीवरच्या मिन आणि मॅक्स खुणा शोधा. जुन्या गाडीत बाटली इतकी पिवळी पडलेली असते की आतलं काही दिसत नाही. मागून टॉर्च लावला की पाण्याची रेघ दिसते. त्या रेघेवर मार्करने खूण करा, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा. रोज सकाळी त्याच जागी, गार इंजिनवर बघा. संध्याकाळी गरम गाडीची पातळी बघून घाबरायचं कारण नाही, तापल्यावर पाणी फुगतं आणि पातळी वर दिसतेच.

नवे लोक फसतात ते इथे. गाड्यांत दोन तऱ्हेच्या बाटल्या असतात. काही गाड्यांत झाकण थेट बाटलीवर असतं, घट्ट आटे असलेलं, आणि बाटली स्वतःच दाबाखाली असते. तिथे बाटलीतली पातळी हीच खरी पातळी. पण बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत रेडिएटरच्या डोक्यावर वेगळं धातूचं झाकण असतं, आणि बाजूची बाटली ही नुसती साठवणीची असते. तापल्यावर जास्तीचं पाणी बारीक नळीने बाटलीत येतं आणि गार झाल्यावर रेडिएटर ते परत ओढून घेतो. नळीला चीर असली किंवा झाकणातला छोटा व्हॉल्व्ह बिघडला, तर ओढून घेणं थांबतं. मग बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून रिकामा होत जातो. म्हणून सकाळी गार इंजिनवर रेडिएटरचं झाकणही उघडून बघा. पाणी तोंडाशी टेकलेलं हवं.

नुकतंच कूलंट बदलून घेतलं असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी खाली येते, आत अडकलेली हवा बाहेर पडते म्हणून. एकदा भरा आणि मग मोजायला लागा. आठवड्यात खूण जागची हलली नाही आणि रेडिएटरही तोंडापर्यंत भरलेला राहिला, तर गळती नाही. पातळी रोज उतरत असेल तर पुढे चला.

द्राक्षपेटीचा पुठ्ठा

नाशिकमध्ये द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या मिळायला अडचण नाही. दोन पेट्या उलगडून सपाट करा आणि रात्री इंजिनखाली पसरा. पुठ्ठ्यावर पेनाने पुढची बाजू, उजवं-डावं चाक लिहून ठेवा, नाहीतर सकाळी डाग कुठल्या बाजूला होता यावर स्वतःशीच वाद होतो. एक रात्र गरम गाडी तशीच लावून ठेवा, कारण काही गळत्या इंजिन बंद केल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात, दाब सर्वांत जास्त असताना सुरू होतात आणि मग थांबतात.

सकाळी डाग सापडला तर आधी तो कशाचा ते ओळखा. एप्रिल-मेमध्ये गाडीखाली दिसणारं पाणी बहुतेक वेळा एसीचं असतं. ते स्वच्छ, बिनवासाचं असतं, बोटांवर चटकन सुकतं आणि साधारण पुढच्या डाव्या सीटच्या पायाखालच्या भागात पडतं. त्याने काही बिघडत नाही. कूलंट बोटांत घेतलं तर बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो आणि सुकल्यावर चिकट राप राहतो. रंग हिरवा, निळा, गुलाबी, नारिंगी काहीही असू शकतो. रंगावरून कूलंटची जात ओळखता येत नाही, कंपनीगणिक रंग बदलतो. काळपट तपकिरी, तेलकट डाग असेल तर ते इंजिन ऑइल, तो विषय वेगळा. चव घेऊन बघू नका, जुने ड्रायव्हर असं करायचे तरी.

डागाची जागा बरंच सांगते. अगदी पुढे, नंबरप्लेटच्या मागे डाग असेल तर रेडिएटर किंवा त्याचे होज पाइप. इंजिनच्या ज्या बाजूला पट्टा फिरतो तिथे असेल तर वॉटर पंप, ज्याला आपल्याकडे गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात. इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीखाली असेल तर हीटरकडे जाणारे पाइप. मात्र पाणी जिथे गळतं तिथेच खाली पडतं असं नाही. ते पत्र्यावरून, पाइपवरून ओघळत फूटभर लांब जाऊन ठिबकतं. पुठ्ठा फक्त दिशा दाखवतो.

ओघळ वाचायला शिका

माझी गळती मला पुठ्ठ्यावर सापडली नाहीच. गाडीखाली एक थेंबही पडत नव्हता, आणि त्याच आधारावर फिटरने "बाहेर गळत नाही म्हणजे आत जातंय" असं ठरवलं होतं. खरं कारण असं की तड्यातून येणारं पाणी गरम रेडिएटरवरच सुकायचं, वरून फॅनचा वारा. थेंब जमिनीपर्यंत पोचायचाच नाही.

मागे राहिला होता तो ओघळ. कूलंट सुकलं की त्यातले क्षार आणि रंग मागे राहतात. बोनेट उघडून टॉर्च तिरका धरा, समोरून मारलेल्या उजेडात काही दिसत नाही. रेडिएटरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीवर मला नखभर रुंदीचा पांढरट-हिरवा पट्टा दिसला. वर बारीक, खाली पसरत गेलेला, कडेला मिठासारखे कण. ओलं फडकं फिरवलं तर हिरवा रंग फडक्यावर आला. पट्टा पुसून टाकला, गाडी वीस मिनिटं एसी लावून उभ्या जागी चालू ठेवली आणि टाकीकडे बघत राहिलो. फॅन दुसऱ्यांदा बंद झाला तेव्हा त्याच जागी टाचणीच्या टोकाएवढा थेंब उगवला, थरथरला आणि सुकून गेला. पस्तीस हजारांचं उत्तर त्या थेंबात होतं.

त्यामुळे तुम्हीही इंजिनचा पुढचा भाग आधी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा, मगच शोधा. जुन्या घाणीत नवी गळती दिसत नाही. पुसायला पाण्याचा फवारा वापरू नका, मग सगळंच ओलं होतं.

नजर फिरवायच्या जागा अशा. आजकालच्या बहुतेक रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या असतात, पत्र्याच्या दातांनी आवळलेल्या. तो जोड ही पहिली संशयाची जागा. मग वरचा आणि खालचा होज पाइप. गार असताना दोन्ही हातांनी दाबून बघा. चांगला पाइप लवचिक असतो. चिकट, भुसभुशीत किंवा दाबल्यावर करकरणारा पाइप आता फार दिवस टिकणार नाही. क्लिपच्या शेजारी फुगवटा आहे का, क्लिपच्या खाली क्षार आहेत का ते बघा. गेल्या मालकाने मूळची स्प्रिंगची क्लिप काढून स्क्रूची लावली असेल तर ती अति आवळून पाइप कापला गेलेला असू शकतो. क्लिप तीस-चाळीस रुपयांची, पाइप काही शे रुपयांचा.

झाकण

सगळ्यांत दुर्लक्षित भाग हाच, आणि बदलायला सर्वांत स्वस्त. झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. आतला दाब तेवढ्या बारपर्यंत गेला की झाकण पाणी बाटलीकडे सोडतं. या दाबाला महत्त्व आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ९८ अंशांलाच उकळतं. धड झाकणाखाली तेच पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की पाणी लवकर उकळतं, बाटलीतून बाहेर फेकलं जातं आणि गाडी "पाणी खाते" असं वाटतं. कुठेही गळती नसते.

झाकण काढून उलटं करा. रबर कडक झालंय, चिरलंय, त्यावर गंज किंवा चिखल बसलाय? मधला छोटा व्हॉल्व्ह नखाने ओढला तर उघडून परत बसतो का? शंका असेल तर नवीन घ्या, फक्त आकडा तोच हवा. जास्त दाबाचं झाकण लावून प्रश्न मिटवायला गेलात तर जुने पाइप आणि रेडिएटर ते सोसत नाहीत.

वॉटर बॉडी

पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील खराब झालं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली ओघळ असेल तर पंप बदलायचा, त्यावर वाद नाही. इंजिन बंद असताना पुली हाताने हलवून बघा, खळखळत असेल तर बेअरिंग गेलंय.

इथे खर्चाचा फरक मोठा आहे. मारुतीच्या के-सीरिजसारख्या इंजिनांत टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आहे आणि पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो, काम सोपं. पण डस्टरमधल्या १.५ लिटर डिझेलसारख्या इंजिनात साखळीऐवजी टायमिंग बेल्ट असतो आणि पंप त्यावरच फिरतो. पंपापर्यंत पोचायला बेल्ट काढावाच लागतो, म्हणून दोन्ही एकदम बदलावेत. त्यात फिटर तुम्हाला लुबाडत नाही. पंप तसाच सोडून नुसता बेल्ट बदलला, आणि महिन्याभराने पंप गळायला लागला, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

ज्या गाडीत वर्षानुवर्षं साधं पाणी भरलं गेलंय तिथे आणखी एक जागा सडते. इंजिन ब्लॉकला बसवलेल्या पत्र्याच्या गोल टिकल्या, ज्यांना गॅरेजात डॉलर म्हणतात. त्या आतून गंजून टाचणीएवढं भोक पडतं. बोअरचं जड पाणी भरणाऱ्यांकडे हा प्रकार जास्त. टिकली स्वस्त, पण ती इंजिनच्या मागच्या बाजूला असली तर तिथे हात पोचवण्याची मजुरी लागते.

केबिनच्या आत

डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. नाशिकात हीटर कुणी लावत नाही म्हणून त्याकडे लक्ष जात नाही, पण अनेक गाड्यांत त्यातून पाणी कायम फिरत असतं. पुढच्या डाव्या बाजूची मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबा. ओला आणि चिकट आहे, गाडीत गोडसर वास येतोय, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतंय आणि पुसलं तरी पसरतंय, तर हीटरचं काम निघालं. नुसताच ओला आणि बिनवासाचा असेल तर एसीची निचरा नळी तुंबली असेल, ती साफ करायला फारसं काही लागत नाही.

हेड पॅकिंगचा संशय कधी घ्यायचा

वरचं सगळं कोरडं निघालं आणि पातळी तरीही उतरतेय, तर आता पाणी आत जातंय का ते बघायचं. खुणा एकेकट्या फसव्या असतात, म्हणून सावकाश.

पांढरा धूर. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा सकाळी प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते. दोन-चार किलोमीटरमध्ये ती नाहीशी झाली तर विसरून जा. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर, त्याला गोड वास, आणि तो मे महिन्यातही, तर गोष्ट गंभीर.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय. रोज फक्त घर ते ऑफिस तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही अशी साय धरते. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, तेलच चहासारखं दिसायला लागलं, तर मात्र गाडी चालवू नका. उलट कूलंटमध्ये तेलाचा तवंग दिसला, तर ज्या गाड्यांत ऑइल कूलर आहे तिथे दोष त्याचाही असू शकतो. डिझेल गाडीत पाणी आतल्या आत नाहीसं करायला ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग) पुरतो. हेड उतरवण्याआधी हे दोन तपासून घ्या.

सकाळची चाचणी. पूर्ण गार इंजिन, रेडिएटरचं झाकण काढलेलं, पाणी तोंडापर्यंत. कुणालातरी गाडी सुरू करायला सांगा आणि तुम्ही चेहरा लांब ठेवून पाण्याकडे बघा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. सोडावॉटरसारखे सतत येत राहिले, किंवा रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. पाणी तापायला लागण्याआधी गाडी बंद करा. दुसऱ्या दिवशी झाकण लावून सुरू करा आणि एका मिनिटात वरचा पाइप दाबा. पाइप अजून गार आहे पण दगडासारखा कडक झालाय, तर तोच निष्कर्ष.

पक्कं करायचं तर गॅरेजात करायची एक रसायनाची चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवतात, तिच्यात निळा द्रव असतो आणि आतली हवा त्यातून ओढतात. धुराचा वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळ्याचं पिवळं होतं. आमच्या शेजाऱ्यांच्या सेडानचं असंच झालं. बाहेर सगळं कोरडं, पाइप मिनिटात कडक, आणि द्रव डोळ्यांदेखत पिवळा. त्यांनी हेडचं काम केलं, पैसे गेले, पण कशाला गेले ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

आधीच्या मालकाच्या खुणा

गाडी अजून घेतली नसेल तर हे सौदा ठरण्याआधी बघा. चावी फिरवताच रेडिएटरचा फॅन सुरू होतोय का? एसी बंद असताना तसं होत असेल तर बहुधा फॅन डायरेक्ट केलेला आहे, म्हणजे गाडी तापत होती आणि कुणीतरी कारण न शोधता वायर जोडून दिली. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकणं हा दुसरा प्रकार. सुरू केल्यावर वरचा पाइप काही मिनिटं गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा, कारण थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. पाइप पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, आणि इंजिन तापायलाच तयार नाही, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकलाय. बाटलीत गढूळ तांबूस पाणी, रेडिएटरवर एमसीलचे थर, झाकणाखाली चंदेरी किंवा तपकिरी कणकण म्हणजे गळती बुजवायची पावडर, हे सगळं तापण्याचा इतिहास सांगतं.

चक्कर मारायला कॉलेज रोडला नेऊन परत आणू नका. पेठ रोडने सावळघाटाकडे किंवा त्र्यंबक रोडला अर्धा तास तरी चालवा, मग द्वारकेच्या गर्दीत एसी लावून उभी करा. तापायची असेल तर तिथे तापते. अनेक छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. अशा गाडीसाठी गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावायचा ओबीडीचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, मोबाइलवर पाण्याचं तापमान आकड्यांत दिसतं. ८५ ते १०० च्या दरम्यान वर-खाली होणं ठीक. १०५ च्या पुढे चढत राहिलं तर थांबा, एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात, सुरक्षित जागा बघून इंजिन बंद. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

गॅरेजात काय बोलायचं

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकात हाताने काम जाणणारे लोक भरपूर आहेत. चांगला फिटर तपासणीचे पैसे मागतो आणि ते द्यावेत. थेट सांगा, "भाऊ, आधी प्रेशर टेस्ट करा, मला समोर दाखवा, मग काम ठरवू." गार इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याएवढा दाब देतात, त्याहून जास्त नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. काटा जागेवर राहिला तर सिस्टिम बहुधा शाबूत (माझ्यासारखा गरम झाल्यावरच उघडणारा तडा यात सुटू शकतो), संशय झाकणावर, आणि तेही त्याच पंपाने तपासता येतं. काटा उतरला आणि कुठेतरी ओलं दिसलं तर गळती सापडली. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं, तर हीटर किंवा इंजिनच्या आत. ज्यांच्याकडे हा पंप नाही आणि जे नुसत्या अंदाजाने हेड उतरवायला निघालेत, तिथून गाडी काढून घ्या. संकोच करू नका, गाडी तुमची आहे.

तुमचा पुठ्ठा, मार्करच्या खुणांचे फोटो आणि ओघळाचा फोटो सोबत न्या. पाहून आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं बदलतं. सुट्या भागांची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, काढलेला जुना भाग परत मागा. हेडचं काम खरोखर निघालं तर हेड सपाट आहे का ते टर्नरकडे मोजून घ्यायला आणि फेसिंगचा, म्हणजे हेड घासून सपाट करण्याचा, खर्च अंदाजात धरायला सांगा, नाहीतर तो नंतर वाढीव म्हणून येतो. "पावडर टाकून देतो, गळती बसेल" याला नाही म्हणा. ती पावडर रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

काम झाल्यावर

कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच भरा. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालतो ते पाणी, निम्मं-निम्मं मिसळा. तयार मिश्रण असेल तर त्यात काही घालायचं नाही. आधीचं कुठलं आहे ते ठाऊक नसेल तर वरून वेगळं ओतू नका, पूर्ण काढून धुऊन नवीन भरा, कारण भिन्न जातींची कूलंट मिसळली की आत गाळ धरू शकतो.

भरताना हवा नीट काढली का ते विचारा. हवेचा फुगा अडकला तर दुरुस्त झालेली गाडीही तापते आणि तुम्हाला वाटतं काम फुकट गेलं. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत तिथेच थांबा. मग घरी आणा, दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर बाटलीवर नवीन खूण करा, तारीख लिहा आणि आठ दिवस पुठ्ठा खाली ठेवा. माझ्या बाटलीवरची खूण मे महिन्यातली आहे, रेघ अजून तिथेच आहे.